कॉम्प्युटर येतो, पण काम समजते का?

आपल्या वस्त्यांमध्ये आज बहुतेक घरांत एक तरी मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर शिकलेली आहे. कोणी बी.एस्सी. आय.टी. केले, कोणी बी.सी.ए., कोणी आय.टी.आय.मधून कोपाचा ट्रेड पूर्ण केला. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फिया भरल्या. सर्टिफिकिटे प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावून कपाटात ठेवली. पण मुलगा मुलाखतीला जाऊन येतो आणि 'कळवतो म्हणाले' एवढेच सांगतो. पुढे कळवत कोणीच नाही. मग आईवडील मला गाठून विचारतात, "ताई, आता आणखी कोणता कोर्स करायला सांगू?" हा प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला, की वाचक बंधू-भगिनींपुढे त्याबद्दल सविस्तर लिहावे असे ठरवले.

मी प्राध्यापक नाही. गिरणी कामगाराची मुलगी आहे. १९८२ च्या संपात वडिलांची नोकरी गेली ती कायमचीच. मी कशीबशी बी.कॉम. झाले आणि १९८९ साली ठाण्याजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. पुढे तिथे संगणक आला. त्या खात्याला तेव्हा ई.डी.पी. म्हणत. मी त्या खात्यात गेले, नोकरी सांभाळून रात्री शिकले, सिस्टिम ॲनालिस्ट झाले. नोकरीच्या शेवटच्या बारा वर्षांत मी उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळावर बसत होते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर मी बसलेली आहे. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. 'इन्फर्मेशन सिस्टिम', म्हणजे माहिती प्रणाली, हे यंत्राचे नाव नाही. कामाची पद्धत, त्या कामात जमा होणारी माहिती, ते काम करणारी माणसे आणि मग यंत्र, हे सारे मिळून प्रणाली होते. रेल्वेचे उदाहरण घ्या. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण सुरू झाले. त्यापूर्वी आरक्षणाची नोंद हाताने रजिस्टरात होत असे. कोटा, वेटिंग लिस्ट, आर.ए.सी., सवलतीचे तिकीट, तिकीट रद्द केल्यावर किती पैसे कापायचे, हे सगळे नियम समजल्याशिवाय असा प्रोग्राम लिहिता येईल का? प्रोग्राम लिहिणे हे त्या कामाचे शेवटचे टोक. खरी मेहनत त्याच्या आधीची. म्हणून नोकरी देणारा माणूस असा उमेदवार शोधतो, ज्याला यंत्रही कळते आणि खिडकीमागे बसलेल्या बाबूचे कामही कळते. पहिले शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, दुसरे कोणी शिकवत नाही. आपली मुले अडतात ती तिथेच.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या कारखान्यात पगारपत्रक पहिल्यांदा संगणकावर घेतले, तेव्हा बाहेरून एक प्रोग्रामर आला होता. हुशार होता, इंग्रजी फाडफाड बोलत होता. त्याने महिनाभरात प्रोग्राम तयार केला. पहिला पगार झाला आणि दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसच्या खिडकीवर रातपाळीचे कामगार जमले. त्यांच्यापैकी कितीजणांचा एक दिवसाचा पगार कापला गेला होता. स्लिपवर खाडा दाखवला होता, पण माणूस तर कामावर हजर होता!

कारण साधे होते. आमची तिसरी पाळी रात्री ११ ला सुरू होऊन सकाळी ७ ला सुटत असे. ३१ तारखेला रात्री कामगार आत आला, कार्ड पंच केले. बाहेर पडला तेव्हा तारीख १ झालेली. प्रोग्राम ३१ च्या रात्री १२ वाजता महिना बंद करत होता. त्याला आत येण्याची वेळ सापडली, बाहेर पडण्याची सापडली नाही. त्याने खाडा मांडला. आमचे म्हातारे टाइमकीपर, त्यांना सगळे मामा म्हणत, पहिल्याच आठवड्यात त्या प्रोग्रामरला सांगत होते, "साहेब, तिसरी पाळी आदल्या तारखेची धरतात बरं का." तो म्हणाला, "मामा, मशीन चुकत नाही." मामा सातवी शिकलेले. ते गप्प बसले.

पुढे दुसरा माणूस आला. बोलायला हळू, अंगावर साधा शर्ट. तो दोन दिवस आणि एक पूर्ण रात्र मामांच्या शेजारी स्टुलावर बसून होता. कार्ड कसे पंच होते, अर्धा दिवस कसा धरतात, बदली कामगाराने पाळी बदलली तर काय करतात, गेटपास घेऊन गेलेला माणूस परत आलाच नाही तर काय, हे सगळे तो विचारत होता आणि वहीत लिहीत होता. शेवटी त्याने वही मामांना वाचून दाखवली आणि विचारले, "मामा, मी बरोबर लिहिलंय का?" मामांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. त्याने ती तिथल्या तिथे केली. पुढच्या महिन्यात कापलेले पैसे परत मिळाले आणि प्रोग्रामही नीट चालू लागला. दोघांचे शिक्षण जवळपास सारखेच होते. फरक होता तो त्या एका प्रश्नाचा.

हे कौशल्य जगभर मानले गेले आहे. इंग्लंडमध्ये एनिड मम्फर्ड नावाच्या विदुषी होऊन गेल्या. पुढे त्या मँचेस्टर बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक झाल्या. तरुणपणी लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचा अभ्यास करायचा होता, तेव्हा त्या गोदीच्या कँटीनमध्ये वाढपी म्हणून राहिल्या. खाण कामगारांच्या अभ्यासासाठी जमिनीखाली खाणीत उतरल्या. जे लोक यंत्रावर काम करणार, त्यांना प्रणाली आखताना सोबत घेतलेच पाहिजे, असे त्यांनी आयुष्यभर मांडले आणि त्याची एक पद्धतही तयार केली. संगणकाच्या क्षेत्रातला एवढा मोठा विचार कँटीनमध्ये आणि खाणीत कामगारांशी बोलून पुढे आला, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

आता मुलाखतीत आम्ही काय पाहत होतो ते एकेक करून सांगते.

पहिले, उमेदवार प्रश्न विचारतो का. आम्ही एक साधे काम देत असू. 'कारखान्याच्या कँटीनचे कुपन संगणकावर घ्यायचे आहे, कसे कराल?' बरेच उमेदवार लगेच कागदावर स्क्रीनचे चित्र काढायला बसत, लॉगिन इथे, बटण तिथे. थोडे उमेदवार आधी आम्हालाच विचारत. "कंत्राटी कामगाराला कुपन मिळतं का? ओव्हरटाइमला थांबला तर दुसरं जेवण मिळतं का? कुपन हरवलं तर?" अशा उमेदवाराच्या नावापुढे आमची पेन्सिल आपोआप खूण करी. एकदा एका मुलीने विचारले, "उपवासाच्या दिवशी कुपन वापरलं नाही तर ते पुढे चालतं का?" तिची आई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटत होती, हे आम्हाला नंतर कळले. तिची निवड झाली. आईचे काम तिने डोळे उघडे ठेवून पाहिले होते, ते तिच्या कामी आले.

दुसरे, माहिती नीट मांडता येते का. भाषा कोणतीही शिकलेली असो, डेटाबेस आणि एस.क्यू.एल. पक्के हवे. यामागचा विचार आय.बी.एम.मधल्या एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडला. इतक्या वर्षांत कितीतरी भाषा आल्या आणि गेल्या, पण बँक, दवाखाना, रेशन, पगार, कुठेही जा, हा पाया आजही टिकून आहे. अवघड वाटत असेल तर बचत गटाची वही डोळ्यांपुढे आणा. एका पानावर सभासदांची नावे आणि नंबर. दुसऱ्या पानावर कोणत्या नंबरने कोणत्या महिन्यात किती हप्ता भरला. तिसऱ्या पानावर कर्ज. नाव पुन्हा पुन्हा लिहायचे नाही, नंबराने तिन्ही पाने जोडायची. हेच टेबल, हीच की आणि हाच जॉइन.

'या महिन्यात हप्ता कोणी भरला?' असे विचारले की बहुतेक उमेदवार चटकन उत्तर लिहीत. मग आम्ही विचारायचो, 'कोणी भरला नाही?' तिथे पुष्कळजण अडत. कारण ज्याने भरला नाही त्याची हप्त्याच्या पानावर नोंदच नसते. सभासदांच्या पानापासून सुरुवात करून, हप्त्याच्या पानावर जो सापडत नाही त्याला शोधावे लागते. जे लिहिलेलेच नाही ते शोधता आले पाहिजे. गटाची अध्यक्ष असलेली आपली कोणतीही बाई हे डोक्यात करते. मुलांनी ते एस.क्यू.एल.मध्ये करायला शिकले पाहिजे.

तिसरे, लिहिता येते का. माहिती प्रणालीच्या माणसाचा दिवसातला बराच वेळ प्रोग्राममध्ये जात नाही, लिहिण्यात जातो. बैठकीत काय ठरले, कोणी काय मागितले, चूक कुठे सापडली, ती कशी दुरुस्त केली. अर्धे पान, साध्या वाक्यांत, तारखेसह. पुढे वाद झाला तर तो कागदच माणसाला वाचवतो.

इथे इंग्रजीचा प्रश्न येतो. खरे ते सांगते. इंग्रजी लागते. वाचायला लागते, ई-मेल लिहायला लागते. पण कॉन्व्हेंटचा उच्चार लागत नाही. 'आय डिड नॉट अंडरस्टँड, प्लीज एक्स्प्लेन अगेन' हे न लाजता म्हणणारा उमेदवार आम्हाला चालत असे. न समजता मान डोलावणारा चालत नसे. शिवाय आपल्या मुलांना मराठी आणि हिंदी येते. गोदामातल्या हमालाशी, दवाखान्यातल्या आयाबाईशी बोलून तिचे म्हणणे साहेबाला इंग्रजीत लिहून देणारा माणूस कंपनीला सहज मिळत नाही. ही आपली कमतरता नसून भांडवल आहे.

चौथे, 'हे कुठे मोडेल?' असा विचार करण्याची सवय. याला टेस्टिंग म्हणतात. २९ फेब्रुवारीला जन्मलेला माणूस आला तर? वडिलांचे नावच नसलेले मूल आले तर? शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि रेशन कार्डावर दुसरे असेल तर? आपल्या घरांत हे प्रकार किती आहेत, सांगायला नको. आपण हे भोगलेले आहे, म्हणून आपल्या मुलाला तो प्रश्न आधी सुचला पाहिजे. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवण्यासाठी वर्ष दोनच आकड्यांत लिहीत. २००० साल जवळ आले तेव्हा '००' म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळेना. ते दुरुस्त करायला जगभर अफाट पैसा आणि माणसे लागली. आपल्या देशातल्या कितीतरी प्रोग्रामरांना त्या कामाने रोजगार दिला. चूक मात्र दोन आकड्यांचीच होती.

पाचवे, सचोटी. ज्याच्या हातात माहिती, त्याच्या हातात लोकांची अब्रू. पगार खात्यात असताना मला नातेवाईक विचारायचे, "अमक्याला किती मिळतो गं?" मी सांगत नसे. काहीजण रागावले, रागावू दे. आता तर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. दुसऱ्याचा पासवर्ड मागायचा नाही, आपला द्यायचा नाही, एवढी शिस्त तरी पहिल्या दिवसापासून हवी.

सचोटीत आणखी एक गोष्ट येते. यंत्र चुकले तर ते चुकले असे म्हणण्याचे धाडस. ब्रिटनमध्ये काय झाले पाहा. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आणली. छोटी पोस्ट ऑफिसे चालवणारे लोक ओरडून सांगत होते, की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, हिशेबात तूट यंत्रच दाखवते आहे. कोणी ऐकले नाही. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना चोरी आणि अफरातफरीचे गुन्हेगार ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली, काहींनी जीव दिला. भारतीय वंशाची माणसेही त्यांत होती. २०१९ साली न्यायालयाने प्रणालीतच दोष होते असे म्हटले. २०२४ साली तिथल्या संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आमच्या मामांना 'मशीन चुकत नाही' म्हणणारा प्रोग्रामर आणि हे प्रकरण, दोन्हीकडे रोग एकच आहे. आमच्याकडे एका दिवसाचा पगार गेला, तिकडे माणसे गेली. म्हणून ऐकून घेणे हा नुसता चांगला स्वभाव नाही, ते या धंद्यातले कौशल्य आहे.

आता माझ्या घरातलेच सांगते. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा बी.एस्सी. आय.टी. झाला. नऊ मुलाखती दिल्या, नऊही ठिकाणी नकार. दाजी कल्याणला रिक्षा चालवतात. एका क्लासने 'जॉब गॅरंटी'चा कोर्स सांगितला, फी ऐंशी हजार. ताईने गळ्यातली पोत बँकेत ठेवायची तयारी केली आणि दाजी मला विचारायला आले. मी भाच्याला बसवले आणि म्हटले, "मुलाखतीत तुला नेमकं काय विचारतात ते सांग."

"मावशी, प्रोजेक्ट काय केला ते विचारतात."

"मग?"

"लायब्ररी मॅनेजमेंटचा आहे. वर्गातल्या सगळ्यांनी बाहेरून तयार आणला तसाच मीही."

"लायब्ररीत जाऊन ग्रंथपालांना कधी विचारलंस, पुस्तक हरवलं तर ते काय करतात?"

तो हसला. त्याच्या हसण्यातच उत्तर होते. चूक त्याच्या एकट्याची नव्हती. कॉलेजात कोणी त्याला हे विचारायलाच सांगितले नव्हते. मी दाजींना म्हटले, "पोत राहू द्या. मला तीन महिने द्या."

ताईचा चौदा बायकांचा बचत गट आहे. मी भाच्याला सांगितले, त्यांचा हिशेब संगणकावर घे, पण आधी दोन बैठकांना नुसता बस आणि लिही. तो बसला. पहिल्याच दिवशी त्याला कळले, की वहीत नसलेले कितीतरी नियम आहेत. उशिरा हप्ता भरला तर दहा रुपये दंड, पण घरात मयत झाली असेल तर दंड माफ. एखादीने अर्धाच हप्ता दिला तर तो घ्यायचा, परत पाठवायचा नाही. हे कुठेही लिहिलेले नव्हते, बायकांना तोंडपाठ होते. त्याने फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम उभे केले. डेटाबेससाठी एस.क्यू.लाइट, वर पायथनमध्ये साधा स्क्रीन, सगळे मराठीत. दाखवायला नेले तेव्हा खजिनदार बाई म्हणाल्या, "पोरा, थकबाकी आम्ही लाल शाईनं लिहितो. तुझ्या यात लाल कुठं दिसतं?" त्याने घरी येऊन पुन्हा काम केले. महिनाभर वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवले, रोज ताळा जुळवला. एकदा चाळीस रुपयांचा फरक आला, तो कुठून आला हे शोधायला दोन रात्री गेल्या. सापडला तेव्हा त्याने तेही लिहून ठेवले.

त्यानंतर त्याने आणखी मुलाखती दिल्या. दोन ठिकाणी पुन्हा नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, एका इस्पितळाच्या संगणक विभागात, प्रोजेक्टबद्दल विचारल्यावर तो वीस मिनिटे बोलत होता. लाल शाई, मयतीची माफी, चाळीस रुपयांचा फरक, सगळे सांगितले. त्याला ॲप्लिकेशन सपोर्टचे काम मिळाले. फार मोठी गोष्ट झाली असे मी म्हणणार नाही. रातपाळी असते, पगार सुरुवातीला दाजींच्या रिक्षाच्या कमाईएवढाच होता, आणि प्रोग्रामर व्हायचे त्याचे स्वप्न अजून बाकी आहे. पण दोन वर्षे झाली, टिकून आहे, शिकतो आहे. ताईची पोत ताईच्या गळ्यात आहे.

कोणी म्हणेल, ताई, सगळे कौशल्यावरच असते तर आपली मुले मागे का राहतात? प्रश्न खरा आहे. काही दारे आतून बंद असतात. एका निवड मंडळावर माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ अर्जावरचा पत्ता वाचूनच म्हणाले होते, "या भागातली मुलं टिकत नाहीत." आडनाव वाचून त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले तेही मी पाहिले. मी तिथे भांडले नाही, पण एक सूचना मांडली. आधी सगळ्यांना एकच लेखी काम द्यायचे, कागदावर फक्त नंबर टाकायचा, गुण देऊन झाल्यावरच नावे उघडायची. वरिष्ठांनी ते मान्य केले. त्या वर्षी ज्या मुलांना गुण पडले, त्यांत 'त्या भागातली' दोन मुले होती. आपल्यापैकी जे आज अशा खुर्च्यांवर बसले आहेत त्यांनी हे करून पाहावे. कौशल्य मुलांनी मिळवायचे, पण मोजण्याचा काटा सरळ ठेवण्याचे काम आपले.

आणखी एक भीती आज घरोघर ऐकू येते. 'आता एआय आले, प्रोग्राम यंत्रच लिहिणार, मग आमच्या पोराला कोण विचारणार?' २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले तेव्हापासून हे वाढले आहे. यंत्र प्रोग्राम लिहून देते हे खरे आहे, मी स्वतः पाहिले आहे. पण मयत झाल्यावर दंड माफ असतो हे त्याला कोण सांगणार? त्याने लिहिलेले बरोबर आहे की रातपाळीचा पगार कापणारे आहे, हे कोण तपासणार? माझे मत असे, की नुसता पाठ केलेला प्रोग्राम आता स्वस्त होईल, आणि काम समजून घेणे, नेमके विचारणे, तपासणे यांची किंमत वाढेल. माझ्याच नोकरीत मी डीबेस शिकले, मग फॉक्सप्रो, मग ओरॅकल. प्रत्येक वेळी आधीचे साधन मागे पडले. टाइम ऑफिसात शिकलेले मात्र शेवटपर्यंत उपयोगी पडले.

कोर्स करूच नका असे मी म्हणत नाही. नायलिटचा ओ लेव्हलसारखा सरकारी मान्यतेचा अभ्यासक्रम आहे. स्वयम् आणि एन.पी.टी.ई.एल.वर नामांकित संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकायला मिळतात. ॲप्रेंटिसशिपच्या जागा निघतात, त्या पगार कमी म्हणून सोडू नका. आणि खासगी क्लासला मोठी रक्कम भरण्यापूर्वी आईवडिलांनी चार गोष्टी जरूर कराव्यात. काय काय शिकवणार ते लेखी मागावे. 'गॅरंटी' म्हणजे नेमके काय, नोकरी लागली नाही तर पैसे परत मिळतील का, हेही लेखी घ्यावे. मागच्या तुकडीतल्या दोन मुलांना स्वतः भेटावे. आणि मुलाच्या हातात रोज किती तास मशीन येणार ते विचारावे. उत्तर देताना समोरचा घाईवर आला, 'आजच भरा, उद्या फी वाढेल' म्हणाला, तर सरळ घरी यावे.

मुलामुलींना शेवटी एवढेच सांगते. तुमच्या घरात जो कमावतो त्याचे काम एका पानावर लिहून काढा. वडील वॉचमन असतील तर रात्री गेटवर नोंद कशी होते, आई चार घरी काम करत असेल तर सुट्ट्यांचा आणि पगाराचा हिशेब ती कसा लक्षात ठेवते, भाऊ डिलिव्हरी करत असेल तर परत आलेल्या पार्सलचे काय होते. कोण काय करतो, काय लिहिले जाते, काय लिहिले जात नाही, आणि कुठे चुकते, हे सगळे त्यात येऊ द्या. मग ते पान त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, बरोबर लिहिलंय का? ते दुरुस्त्या सांगतील, त्या करा. अशी पाच पाने लिहून झाली की मुलाखतीला जा. टेबलापलीकडे बसलेला माणूस जे शोधत असतो, त्यातले बरेचसे तोपर्यंत तुमच्याकडे आलेले असेल.